गार्ड कोणी काढला?

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी वसई पूर्वेला स्टीलचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात माल तपासायचं काम करत होते. त्या वर्षी नवे मॅनेजर आले. महिन्याभरात मोठी ऑर्डर आली आणि त्यांना घाई सुटली.

झाकणं कापणाऱ्या प्रेसला हात आत जाऊ नये म्हणून जाळीचा गार्ड होता. दर झाकणाला तो उघडून लावावा लागे. मॅनेजरांनी फिटरला तो काढायला सांगितला. फिटर घुटमळला.

"दोनच दिवस. जबाबदारी माझी," ते म्हणाले.

मी तिथेच उभी होते. ऐकलं आणि पुन्हा झाकणं तपासायला लागले.

चौथ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, प्रेसवर काम करणाऱ्या मावशींची दोन बोटं गेली. जूचंद्रहून यायच्या त्या. ओरडल्यासुद्धा नाहीत, हात पदरात गुंडाळून मटकन खाली बसल्या. रिक्षात घालून मी त्यांना दवाखान्यात नेलं.

परत आले तर गार्ड मशीनवर बसवलेला! फिटर मान वर करेना. मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता : कामगार महिलेने स्वतःहून गार्ड काढला. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव.

"सही करा."

"पण सर, गार्ड तर तुम्ही..."

"नोकरी करायची आहे ना?"

मी सही केली नाही. पण नाही म्हणायचीही हिंमत झाली नाही. "उद्या करते," म्हणून सटकले. संध्याकाळी दवाखान्यात गेले तर कारखान्यातल्या कोणीतरी मावशींना त्या कागदाबद्दल सांगितलेलं होतं.

"मी नाय काढला गो बाय," त्या म्हणाल्या. "तू व्हतीस ना तिथं?"

दोन दिवस मी सही टाळत राहिले. तिसऱ्या दिवशी सरकारी निरीक्षक आले. मशीन बंद करून सगळ्यांना गोळा केलं आणि विचारलं, "गार्ड कोणी काढला?"

मॅनेजर माझ्याकडेच बघत होते.

"मॅनेजरसाहेबांनी काढायला लावला," मी म्हणाले. "मी ऐकलंय."

मग मागून फिटरचा आवाज आला, "हो. काढला मी, पण त्यांनी सांगितलं म्हणून."

मावशींवरचा ठपका गेला. त्यांना भेटायला मी उत्साहाने जूचंद्रला गेले. त्यांनी चहा दिला आणि शांतपणे विचारलं, "चार दिवस गार्ड नव्हता, तवा का नाय बोललीस?" मी कप खाली ठेवून निघाले. पुन्हा त्यांच्या दारात जायचा धीर मला झाला नाही.

मॅनेजर खुर्चीवर कायम राहिले. पण मशीनचा साधा पट्टा बदलायचा असला तरी फिटर वही पुढे करायचा, "साहेब, लिहून द्या." ते चिडायचे, आरडाओरडा करायचे. फिटर हाताची घडी घालून उभा. शेवटी ते लिहायचे, आणि मगच तो पाना उचलायचा.