राजानंद कमांडर आणि लाल पट्टी

अंबडच्या कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या राजानंदमामाला खऱ्या नावानं हाक मारणारा माणूस एकतर बँकेचा असतो, नाहीतर परगावचा. बाकी सगळ्यांसाठी तो कमांडर. वीस वर्षांपूर्वी या दुकानात तासावर कॉम्प्युटर मिळायचा, तेव्हा ‘फोर्ट सेवन’ नावाचा बंदुकीचा गेम शेवटपर्यंत खेळणारा तालुक्यात तो एकटाच होता. आम्ही गल्लीतली पोरं तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण तो शेवट आम्हाला पाठ आहे. दोन शिपाई कमांडरला दोन्हीकडून धरतात, मोठा साहेब येऊन खांद्याला हात लावतो, सगळी पलटण उभी. “सत्कार हो! भर मैदानात सत्कार!” हे सांगताना मामाचा आवाज रेडिओवर बातम्या द्यायला बसल्यासारखा जाड व्हायचा.

मागच्या महिन्यात कंपनीनं तोच गेम नवा रंग, नवा उजेड आणि हिंदी आवाज देऊन परत काढला. मामाच्या पोरीनं, साक्षीनं, तो दुकानातल्या नव्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतला. रविवारी कोर्ट बंद, म्हणून दुपारी जुने गडी जमले. कल्याणकाका अंकुशनगरच्या कारखान्यात काट्यावर बसून ऊस तोलतात, त्यामुळं बोलायच्या आधी शब्दही तोलतात. मिथुनकाका एसटीचे कंडक्टर. ते घरच्या पंगतीतसुद्धा “पुढं सरका, मागं जागा न्हाई” म्हणतात.

गेम सुरू झाला आणि पहिल्याच मिनिटाला बोंब.

“ए, दिवस काहून केला यांनी?” मिथुनकाका खुर्चीतून उठले. “फोर्ट तर चांदण्यात होता ना! सगळं निळं निळं दिसायचं.”

कल्याणकाकांनी डोळे बारीक केले. “रेती पिवळी हाय. ह्यो आपला माल न्हाई.”

मामानं पहिला शिपाई टिपला. लाल रक्त उडालं.

“लाल?” तिघंही एकदम ओरडले.

“अरे राक्षस होते ते! काळं रक्त होतं त्याह्यचं!” मिथुनकाकांनी कपाळाला हात लावला. “वाटोळं केलं गेमचं. बिलकुल वाटोळं.”

साक्षी स्क्रीनजवळ वाकली. “पप्पा, याच्या दंडाला लाल पट्टी कशाची?”

“नवी फॅशन केली असंल. पहिले नव्हती.” मामानं त्यालाही उडवला. “जो दिसंल त्याला ठोकायचं. वीस वर्सं ह्योच नियम हाय आपला.”

तेवढ्यात स्पीकरमधून एक शिपाई कळवळून ओरडला, “गोली मत चलाओ! हम तुम्हारे साथी हैं!”

मामाचं बोट थांबलं. जुन्या काळात स्पीकर कायम बंद असायचा. शेजारचा अर्जनवीस ठो-ठो आवाजानं वैतागायचा. आणि इंग्रजी पाट्या वाचत कोण बसतंय?

“पप्पा,” साक्षीनं हळूच विचारलं, “जुन्या मॉनिटरवर लाल रंग दिसायचा का?”

“वायरची एक पिन वाकेल होती. लाल काळपट यायचा, बाकी जरा निळं मारायचं. चालून जायचं.” मामा घुटमळला, मग छाती काढून म्हणाला, “दुश्मनाचा डाव असंल ह्यो. त्याह्यच्या गोड बोलण्याला मी भुलत न्हाई!”

पाऊण तासात किल्ला पडला. स्क्रीनवर हिशेब आला: दुश्मन ढेर नऊ, साथी ढेर एकतीस. मग दोन शिपाई आले. या वेळी त्यांच्या हातातला दोर स्पष्ट दिसला. मोठ्या साहेबानं खांद्यावरच्या फिती टराटरा उपटल्या आणि गरजला, “गद्दार! ले जाओ इसे!”



“कमांडर,” मिथुनकाकांचा आवाज हसण्यानं फुटायला लागला, “लई दणक्यात झाला तुमचा सत्कार! आख्खी गाडी आपल्याच पाशिंजरांवर घातली की!”

कल्याणकाका हसू दाबून दाबून खोकले. मामाचे कान तांबडे झाले. सोमवारी ही गोष्ट कोर्टाच्या पायऱ्या चढणार, स्टँडवर उतरणार आणि वीस वर्षांचं नाव तिथंच गळून पडणार, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

ते बघून मिथुनकाकाच वरमले. “जाऊ दे रे. चूक कंपनीची हाय.” त्यांनी मोबाइलवर गेमचं पान काढलं, पाचातला एकच तारा दाबला आणि मोठ्यानं म्हणत टाइप केलं, “जुना गेम वापस करा. नव्यात आपली माणसं ओळखू येतात.”

“नको पाठवू,” मामा म्हणाला. “साक्षे, पहिल्यापासून लाव.”

आता मामा गोळी झाडायच्या आधी प्रत्येकाचा दंड बघायला लागला. त्यात सहा वेळा मेला. “अरे ठोक ना!” मिथुनकाकांना राहवेना.

“आपला हाय रे तो! लंगडून राह्यला, दिसत न्हाई का तुला?”

हळूहळू तिघांच्या माना एकाच बाजूला वाकल्या. लंगडा किल्ल्याच्या दरवाजातून आत आला तेव्हा कल्याणकाकांनी श्वास सोडला. “एक पोचला. बराबर.”

एवढ्यात दारात एक म्हातारबाबा उभे राहिले. “कमांडर, सातबाऱ्याची झेरॉक्स पाहिजे व्हती. जल्दी करा, गाडी जाईल.”

त्या नावासरशी मिथुनकाकांचा हात तोंडावर गेला. मामानं मात्र मान वळवली नाही.

“थांबा बाबा. माझी पाच माणसं अजून दरवाजाच्या बाहेर हायेत. ती आत घेतो, मंग तुमचं.”

बाबांनी गोंधळून सगळ्यांकडं पाहिलं. कल्याणकाकांनी आपलं स्टूल त्यांच्याकडं सरकवलं.

“बसा बाबा. कमांडर कामात हायेत.”