बॉयलरमामांचा रिलीव्हर

सरकारी पुस्तिकेत बॉयलरमामा हा एक आकडा आहे. सौरऊर्जेच्या कायद्यामुळे राज्यात जे नवे रोजगार तयार झाले, त्यांतला एक. ती पुस्तिका मीच तयार करतो, त्यामुळे तिच्यावर माझा फारसा विश्वास नाही.

कायदा तसा वाईट नव्हता. कोळशावरची जुनी वीजकेंद्रं टप्प्याटप्प्याने बंद करायची आणि तिथून सुटलेल्या कामगारांना नव्या सौर प्रकल्पांत आधी घ्यायचं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. अट एकच, वय पंचावन्नच्या आत हवं. कोळशाच्या केंद्रात बॉयलर सांभाळणाऱ्या मामांना पंचावन्न पुरी व्हायला पाच महिने बाकी होते. त्यांच्या रिलीव्हरला पंचावन्न उलटून दोन महिने झाले होते. मामांना नोकरी मिळाली, रिलीव्हर घरी बसला. त्या यादीवर सही माझी होती. मला तेव्हा काही वाटलंसुद्धा नाही, रोज अशा शंभर सह्या करतो मी.

रिलीव्हर म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस. पेटता बॉयलर एक मिनिटही बेवारशी सोडायचा नसतो. पुढचा माणूस येतो, आधीचा त्याला सगळं सांगतो, दाब किती, पाणी किती, कुठला पंप कुरकुर करतोय. ऐकून झालं की पुढचा म्हणतो, "घेतली." मगच आधीच्याने पाय उचलायचा. रिलीव्हर आला नाही तर घरी काहीही होवो, तिथून हलायचं नाही.

मामा आणि त्यांचा रिलीव्हर बावीस वर्षं असे रोज दहा मिनिटं भेटले. एकमेकांच्या घरच्या लग्नाला ते कधी गेले नाहीत, कारण एक लग्नाला गेला की दुसऱ्याला डबल ड्युटी. मामांची बायको गेली तेव्हा रिलीव्हरने तीन दिवस दोन्ही शिफ्टा ओढल्या. सांत्वनाला मात्र तो येऊ शकला नाही. मामा म्हणायचे, "इतर सगळे येऊन गेले, साहेब. तो एकटाच उपयोगी पडला."

दर तीन महिन्यांनी मला सौर प्रकल्पावर जाऊन एक फॉर्म भरावा लागतो. कामगार हजर आहे का? आहे. समाधानी आहे का? हो किंवा नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा नजर पोचेल तिथवर काळ्या काचा आणि मधोमध एक पत्र्याची केबिन. तिच्यात एक खुर्ची, संगणकाचा एक पडदा, एक पाण्याची बाटली आणि मामा. जुन्या केंद्रात एका शिफ्टला चाळीस माणसं आणि कान फाटेल असा आवाज. इथे माशी शिंकली तरी ऐकू यावं. मामांना मोठ्याने बोलायची सवय, त्यामुळे समोर बसलेल्या मला ते पलीकडच्या डोंगराशी बोलावं तसे विचारत होते, "चहा घेणार का?"

"काम काय असतं?" मी विचारलं.

"बघायचं," मामा म्हणाले. "ऊन करतं काम. मी बघतो."

माझं घर त्याच रस्त्यावर पुढे. पहिल्या आठवड्यात संध्याकाळी परतताना मला मामा फाटकाशी उभे दिसले. सूर्य बुडून तास झाला होता. गाडी चुकली का विचारलं तर ओशाळून हसले. "डोक्याला कळतं हो, साहेब, की इथे दुसरी शिफ्ट नाही. दिवस मावळला की सगळं आपोआप बंद. पण पाय उचलतच नाही. सोपवल्याशिवाय कसं जायचं?" मी त्यांना स्कूटरवर बसवून बस थांब्यावर सोडलं आणि वाटेत मनातल्या मनात हसलो.

पुढच्या भेटीत कळलं, मामांनी तोड काढली होती. रोज सूर्य मावळला की फाटकाशी उभं राहून रिलीव्हरला फोन लावायचा आणि शिफ्ट सोपवायची. माझ्यासमोरच त्यांनी घसा ताणून सांगितलं, बाराव्या ओळीच्या काचा धुतल्या, तीन नंबरचा इन्व्हर्टर दुपारी तापला होता, कुत्रं आत शिरलं होतं ते हाकललं. बऱ्याच वेळाने पलीकडून एकच शब्द आला, "घेतली." मामांचा चेहरा सैल पडला आणि ते निघाले.

"तो काहीच विचारत नाही?" मी म्हटलं.

"त्याला नसत्या चौकशा करायची सवय नाही."

त्या दिवशी मला हसू आलं नाही. फॉर्मवर 'समाधानी' पुढे काय लिहावं ते सुचेना, म्हणून नेहमीसारखं 'हो' लिहिलं.

वर्षभराने कायद्यात दुरुस्ती झाली. दिवसाची वीज साठवायला प्रत्येक प्रकल्पावर बॅटऱ्या बसवायच्या आणि त्या सांभाळायला संध्याकाळची शिफ्ट नेमायची. वयाची अट अठ्ठावन्न. मी ऑफिसात बसून पत्र पाठवू शकलो असतो, पण ते घेऊन स्वतः मामांकडे गेलो. मामांनी वयाच्या अटीची ओळ तीनदा वाचली. "म्हणजे तो इथे येणार? चालत? या फाटकातून?" रिलीव्हरचा अर्ज त्यांनी स्वतः भरला, केबिनमध्ये दुसरी खुर्ची आणून ठेवली आणि तिच्यावर कुणाला, म्हणजे मला, बसू दिलं नाही.

एवढं सगळं जुळून आलं आणि वैद्यकीय तपासणीपाशी घोडं अडलं. धोक्याची घंटा ऐकू यायला हवी, असा नियम. अहवाल माझ्या टेबलावर आला. दोन्ही कान निकामी, बरीच वर्षं. अपात्र.

मी अहवाल पुन्हा वाचला. मग रोज फोनवर बोलणं कोण ऐकत होतं?

अपात्रतेचं पत्र द्यायला मी संध्याकाळी स्वतः गेलो. दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, मुलगा-सून अजून कामावरून यायचे होते. रिलीव्हर बोलताना माझ्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघत होता. पत्र वाचून त्याने नीट घडी घातली.

"बॉयलरपाशी कुणालाच काही ऐकू येत नसे," तो म्हणाला. "आम्ही तोंडं बघूनच बोलायचो. त्यामुळे कधी गेले कान, मलाच कळलं नाही. त्याला तर नाहीच."

"मग फोन?" मी ओठ हलवून विचारलं.

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "दिवस मावळताना त्याचं नाव दिसलं की कळतं, शिफ्ट सोपवतोय. सोपवायला दहा मिनिटं लागतात. बावीस वर्षं तेवढीच लागली. दहा मिनिटं झाली की म्हणतो घेतली. काय सांगतो ते ठाऊक नाही. पण मी म्हटल्याशिवाय तो घरी जाणार नाही ना."

तेवढ्यात त्याच्या हातातला फोन थरथरला. त्याने तो कानाला लावला, जणू ऐकूच येत होतं, आणि घड्याळाकडे बघत बसला. मामांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. काचांचं एका वाक्यात उरकलं. मग मामा म्हणाले, "तुझा कागद आला का रे? लवकर ये बाबा. मला इथे करमत नाही. घरीही करमत नाही. दिवसभरात बोलतो तो तुझ्याशीच. वर्षभर रोज सांगतोय, तू एकदा तरी हूं म्हण."

मी खिशातलं पेन काढलं आणि त्या अपात्रतेच्या पत्रामागे ते सगळं, शब्द न शब्द, लिहून त्याच्यासमोर धरलं.

त्याने वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. घड्याळात दहा मिनिटं होऊन गेली, अकरावं लागलं. पलीकडे मामा फाटकाशी एका शब्दाची वाट बघत असणार.

"म्हणा ना," मी खुणेने सांगितलं.

"नाही," रिलीव्हर म्हणाला. फोन तसाच चालू ठेवून त्याने तो शर्टाच्या खिशात घातला आणि कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या. "म्हटलं की तो निघून जाईल. तुमची स्कूटर आहे ना खाली?"