तोंडाला वास नव्हता

"अडतीस," डॉक्टर म्हणाल्या. "गुरुजींनी दारू घेतलेली नाही. यांच्या रक्तात साखरच उरलेली नाही."

त्या वेळी मी आमच्या गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील खाटेवर होतो. माझे दोन्ही हात पोत्याच्या सुतळीने बांधलेले होते. वरचा ओठ फाटला होता आणि उजव्या कानामागे काठीचा वण उमटला होता. सदऱ्यावर रक्त होते. त्यातील सगळे माझे नव्हते. डॉक्टरांनी शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचे द्रावण, दिले. काही मिनिटांत मला माणसे ओळखू येऊ लागली.

"मला कोणी बांधले?" असे मी विचारले.

"आम्हीच बांधलं," माझी पत्नी सुनंदा म्हणाली. "अन् कानामागचा वण माहा आहे. तुम्ही त्या भास्करचा गळा सोडत नव्हते."

पुढील हकिकतीतील बराच भाग मला स्वतःला आठवत नाही. ज्यांनी तो पाहिला त्यांना विचारून, दोघातिघांकडून पडताळून मी तो लिहीत आहे. ज्यांच्यावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी आणि विशेषतः त्यांच्या घरच्यांनी तो वाचावा.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. मला मधुमेह होऊन अकरा वर्षे झाली होती, वजन एकशे एकतीस किलो होते आणि दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावे लागत होते. नागपूरला माझी गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया झाली. तीत जठराचा एक लहानसा कप्पा ठेवून तो थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न कमी मावते आणि वाटही बदलते. दोन महिन्यांत इन्सुलिन बंद झाले. वर्षभरात चव्वेचाळीस किलो वजन उतरले.

मी भेटेल त्याला सांगू लागलो, "माझी शुगर गेली." आमच्याकडे मधुमेहालाच शुगर म्हणतात. "त्याले शुगर आहे," असे म्हटले की साखर वाढते एवढेच सर्वांना कळते. ती घसरूही शकते, हा अर्थ त्या शब्दात नाही. विज्ञानाचा शिक्षक असूनही माझ्या डोक्यात तो नव्हता.

रुग्णालयाने आहाराचा कागद दिला होता. त्यावर आधी डाळ, अंडे, पनीर, मग पोळी. जेवताना पाणी नको. गोड पेय नको. दर तीन महिन्यांनी तपासणी, असे स्पष्ट लिहिले होते. मी दोन तपासण्या चुकवल्या. ग्लुकोमीटर कपाटात पडून होता. त्यातील सेलसुद्धा मी काढून मुलीच्या कॅल्क्युलेटरला दिला होता.

शस्त्रक्रियेनंतर तेरा महिन्यांनी त्रास सुरू झाला. सकाळी नऊला तिखट रश्श्याचे तर्री-पोहे आणि गोड चहा घेतला की अकराच्या तासाला खडू धरलेला हात थरथरायचा, सदरा घामाने भिजायचा, छाती धडधडायची. मी पुन्हा गोड चहा मागवायचो आणि गुळाचा खडा खायचो. दहा मिनिटांत बरे वाटायचे. दोन तासांनी तोच त्रास दुप्पट जोराने यायचा. दर वेळी मी तोच उपाय करत होतो.

मग राग आला. राग हा शब्दही येथे अपुरा आहे. एका दुपारी मी न्हाणीघराच्या दारावरचा आरसा मुठीने फोडला आणि काचा हातात रुतलेल्या असताना पुन्हा त्याच चौकटीवर मुठी मारत राहिलो. नंतर मला केवळ पट्टी बांधलेला हात दिसला, कारण आठवले नाही.

त्यानंतरच्या एका रविवारी पुरणपोळीचे जेवण झाले. दोन तासांनी मी स्वयंपाकघरात उभा राहून असंबद्ध बोलू लागलो. सुनंदा "बसा जरा" म्हणाली. मी तिचे केस धरले आणि तिचे डोके ओट्याच्या कडेवर आपटले. दुसऱ्यांदा आपटणार होतो, तोच नववीत शिकणाऱ्या आमच्या मुग्धाने पोळपाट उचलून माझ्या मनगटावर घातला. सुनंदाच्या डाव्या भुवईवर चार टाके पडले.

हे वाक्य लिहिताना मी ते तीनदा खोडले. तरी ते लिहिणे आवश्यक आहे.

त्या दिवशी रक्त पुसत सुनंदा माझ्याजवळ आली आणि तिने माझ्या तोंडाचा वास घेतला. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि आमच्या गावात बायकांचे दारूबंदी मंडळ आहे. माणसाने गोंधळ घातला की मंडळाच्या बायका प्रथम त्याचे तोंड हुंगतात. सुनंदा त्या मंडळाची सभासद आहे. वास आला नाही, तेव्हा ती भिंतीला टेकून बसली.

"पेलेले असते तर बरं होतं," ती म्हणाली. "उतरली तरी असती."

थोड्या वेळाने ती पुन्हा बोलली. "अजून एक डाव हात उचलला, तर मी मुग्धाले घेऊन पवनारले भावाकडे जाईन. मंग बोलवायले येऊ नका."

मी मान्य केले. हा शाळेच्या कामाचा ताण आहे, असे ठरवून मी शांत राहण्याचा निश्चय केला. साखर मोजली नाही.

अकराव्या दिवशी आठवडी बाजार होता. तेथे जाण्यापूर्वी मी दोन केळी खाल्ली आणि मोठा ग्लासभर उसाचा रस प्यायलो. मित्राच्या दुकानात दीड तास बसलो आणि मग भाजी घ्यायला निघालो. भास्कर हा आमच्या ओळखीचा भाजीवाला. त्याने वांग्यांचा भाव सांगितला. मी ओरडलो, त्याच्या तराजूतील एक किलोचे लोखंडी वजन उचलले आणि त्याच्या कपाळाच्या दिशेने फेकले. ते कानाला चाटून गेले आणि कान फाटला. मी टोपल्या लाथाडल्या, त्याच्या छातीवर बसलो आणि गळा दाबू लागलो. चार-पाच जणांनी मला मारले, तरी माझे हात सुटले नाहीत.

"मास्तर, पोरायले धडे देता अन् भर बाजारात ढोसून येता?" कोणीतरी म्हणाले.

मंडळाच्या बायका धावत आल्या. त्यांच्यात सुनंदा होती. कोणाच्या तरी हातातील काठी घेऊन तिने माझ्या कानामागे मारली, तेव्हा मी कोसळलो. बायकांनी सुतळीने हात बांधले. मंडळाच्या अध्यक्ष पार्वताबाई स्वतः पालेभाजी विकतात. त्यांनी माझा जबडा दाबून तोंड उघडले. मी त्यांच्या बोटाला चावलो. तरीही त्यांनी वास घेतला.

"वास नाई वो."

"मंग गोळ्या खाल्ल्या असतील," एक बाई म्हणाली.

"अंग पाह्य त्याचं," पार्वताबाई म्हणाल्या. "ओलंचिंब अन् गार. वीस वर्षं मी माह्या नवऱ्याले हुंगलं. पेलेला माणूस असा गार नसते राह्यत. हा पेलेला नाई. बिमारी आहे. दवाखान्यात न्या."

त्या जागी दुसरे कोणी असते, तर मला खांबाला बांधून पोलिसांची वाट पाहिली असती. तेवढ्या वेळात मी मेलो असतो, असे आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी नंतर सांगितले.

वर्ध्याच्या रुग्णालयात मी पाच दिवस होतो. तेथील वयस्कर डॉक्टरांनी या त्रासाचे नाव सांगितले: पोस्ट-बॅरिअॅट्रिक हायपोग्लायसेमिया. म्हणजे वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर, जेवणानंतरच्या एक ते तीन तासांत साखर धोक्याच्या पातळीखाली जाणे. गोड किंवा पिठाळ अन्न आतड्यात एकदम उतरते, साखर झपाट्याने चढते, शरीर गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडते आणि साखर कोसळते. मेंदूचे इंधन संपते. काही माणसे गळून पडतात, काही हिंस्र होतात.

तिसऱ्या दिवशी मिक्स्ड मील टेस्ट झाली. ठरावीक घटकांचे पेय देऊन दर अर्ध्या तासाने रक्त तपासतात. काय होऊ शकते ते मी परिचारिकेला आधीच सांगून ठेवले. पहिल्या अर्ध्या तासात साखर दोनशे बारा होती. दोन तासांनी सेहेचाळीस. मी हातातील सुई उपसली, सलाइनचा स्टँड लाथेने पाडला आणि मला धरणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नाकावर डोके मारले. हे सर्व सुनंदाने कोपऱ्यात उभे राहून पाहिले.

मी सावरल्यावर डॉक्टर तिला म्हणाले, "ताई, आधी आकडा पडला, मग हात उठला. हा क्रम लक्षात ठेवा."

तिने विचारले, "मंग माह्या कपाळावर टाके कोणामुळं पडले? आकड्यामुळं का यायच्यामुळं?"

डॉक्टर म्हणाले, "आकड्यामुळे. पण आकडा मोजण्याचे काम यांचे होते."

त्या उत्तराला मी आजपर्यंत हरकत घेतलेली नाही.

आता मी दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खातो; आधी डाळ किंवा अंडे, शेवटी अर्धी भाकरी. पहिल्या घासाबरोबर अकार्बोज नावाची गोळी घेतो; ती पिठाचे आणि साखरेचे पचन संथ करते. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ही गोळी चालू असताना साखर कोसळली, तर घरातील साखर किंवा गूळ वेळेवर उपयोगी पडत नाही, कारण तेही संथ पचतात. दुकानात मिळणारी ग्लुकोज पावडरच लागते: तीन लहान चमचे, अर्धा कप पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. साखर सावरल्यावर मूठभर शेंगदाणे खावेत, म्हणजे ती पुन्हा घसरत नाही. प्रमाण मात्र आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

माझ्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर आहे. सत्तरच्या खाली आकडा गेला की सुनंदाच्या फोनवर गजर होतो. पुढचा नियम मी स्वतः लिहून भिंतीवर लावला. गजर होताच सुनंदा आणि मुग्धा घराबाहेर पडतात, बाहेरून कडी लावतात आणि ग्लुकोजचे पाणी खिडकीच्या गजांतून देतात. आधी त्यांनी सुरक्षित व्हायचे, मग मला वाचवायचे. नातेवाइकांना हे अपमानकारक वाटते. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी नातेवाइकांचे ऐकू नये.

भास्करची मी घरी जाऊन क्षमा मागितली. "गुरुजी, विज्ञान शिकवता म्हणून वाचलो," तो म्हणाला. "पीटीचे मास्तर असते तर नेम लागला असता." पार्वताबाईंच्या बोटावर माझ्या दातांची खूण आहे. त्यांचे उपकार मला कोणत्याही शब्दांत मांडता येत नाहीत.

सुनंदा पवनारला गेली नाही. पण ती मला घाबरते, हे ती स्पष्ट सांगते आणि मी ते ऐकून घेतो.

मागच्या महिन्यात दुपारी गजर झाला. बासष्ट. ती तुरीच्या शेंगा सोलत होती, उठली नाही.

"राहू द्या. चार महिने झाले, काई नाई होत आता."

"कडी लाव," मी म्हणालो.

"अहो, पण..."

"लाव, सुनंदा."

ती मुग्धाला घेऊन बाहेर गेली. कडी लागल्याचा आवाज आला. खिडकीतून कप आला. मी तो प्यायलो आणि जमिनीवर बसून राहिलो. पंधरा मिनिटांनी तिने विचारले, "किती?"

"शहाण्णव."

"बोट टोचून सांगा. त्या दंडावरच्या मशीनवर माहा भरोसा नाई."

मी बोट टोचले, मीटर गजांजवळ धरला आणि ती आकडा स्वतः वाचेपर्यंत थांबलो.