रिकामी यादी

ऑफिसात तिला सगळे यादीबाई म्हणत. तोंडावर म्हणत आणि पाठीमागेही म्हणत, त्यामुळे त्यात राग मानण्यासारखं काही उरलं नव्हतं. पूर्वी ती याच इमारतीत तळमजल्यावर टपाल बघायची. पुढे टपाल आटलं आणि तिला वरच्या मजल्यावर, लाटांचा अंदाज काढणाऱ्या खोलीत बसवलं. सुरुवातीला पडद्यावरच्या सूचना वाचताना ओठ हलायचे. मग हळूहळू हात बसला.

खोलीचं काम सांगायला सोपं होतं. किनाऱ्यावरच्या प्रत्येक बंदरासाठी रोज सकाळी एक गणित करायचं, की आज संध्याकाळपासून तिथे लाटा किती उठतील. गणित अवजड, ऑफिसातल्या कॉम्प्युटरला न झेपणारं. म्हणून ते दूर कुठेतरी असलेल्या भाड्याच्या मशीनवर पाठवायचं. एका बंदराचं गणित म्हणजे एक जॉब. जॉब आधी रांगेत उभा राहतो, मशीनवर जागा झाली की चालू होतो, आणि संपला की त्याचे आकडे आपोआप एका पानावर चढतात. ते पान मच्छीमार आपल्या फोनवर बघतात आणि होडी किती आत न्यायची ते ठरवतात.

यादीबाईने ती रांग सांभाळायची. शेजारच्या टेबलावर प्रोग्राम लिहिणारी एक मुलगी बसायची, जाड काचांमुळे तिचं नाव चष्मेवाली पडलं होतं. तिने यादीबाईला एक छोटा प्रोग्राम करून दिला होता. बटण दाबलं की तो मशीनना विचारायचा, आमचे जॉब कोणते? उत्तरात यादी यायची. सकाळी यादी भरलेली असायची, मग एकेक नाव गळत जायचं, आणि दुपार कलताना यादी रिकामी व्हायची. रिकामी झाली की यादीबाई खुर्ची मागे सारून म्हणायची, "सुटलो गं बाई," आणि किटली चढवायची. चहाची वेळ घड्याळावर नव्हती, यादीवर होती. साहेबसुद्धा केबिनमधून मान काढून विचारत, "काय यादीबाई, अजून भरलेलीच का?"

घरी मात्र ती वहिनी होती. नवरा बर्फाच्या कारखान्यात, आणि धाकट्या दिराची होडी. दिराला ती भाऊजी म्हणायची. लग्न होऊन आली तेव्हा तो दप्तर फेकून समुद्रावर पळणारा पोरगा होता. सासूबाई अजूनही तो परत येईपर्यंत दाराकडे तोंड करून बसत. यादीबाई तसं बसत नसे, पण सकाळी जॉब पाठवताना दिराच्या बंदराचं नाव आलं की बोट क्षणभर थांबायचं आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन मगच पुढे जायचं. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी एक जादा जॉब होता. सगळ्या किनाऱ्याचा मिळून एक मोठा नकाशा. तो आदल्या दिवशी, मशीनकडे मागितलेली मेमरी कमी पडून फसला होता.

"थोडी वाढवून परत टाका, ताई," चष्मेवाली म्हणाली होती.

यादीबाईने वाढवली. आणि वाढवताना, पाहुणे येणार म्हटल्यावर भाताचं आधण ठेवताना जसा तिचा हात मोकळा सुटायचा, तसाच सुटला. जास्तच असू दे, कमी पडायला नको. तो जॉब तिने सर्वांत आधी टाकला आणि बंदरांचे जॉब त्याच्यामागे लावले. एवढ्यात साहेबांकडे वरच्या कचेरीतली माणसं आली, आणि जुन्या फायली काढून देण्यात तिची सकाळ गेली.

जेवण झाल्यावर तिने पहिल्यांदा बटण दाबलं. यादी रिकामी.

"अगं बाई, आज लवकर आटपलं की!"

"मशीनला पण आज लवकर घरी जायचं असेल," चष्मेवाली म्हणाली.

किटली चढली. पान उघडून बघितलं तर वर आजची तारीख, खाली सगळ्या बंदरांना शांत समुद्र. साहेब स्वतः कप घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "रोज असंच चालू दे."

दुसरा कप ओतत होती तेव्हा दिराचा फोन आला.

"वहिनी, पान शांत म्हणतंय. आज खडकांच्या पलीकडे जावं म्हणतोय. भरपूर मासळी आहे म्हणतात तिकडे. जाऊ ना?"

मागे इंजिनाची धडधड ऐकू येत होती. तो निघालाच होता, नुसतं विचारायचं म्हणून विचारत होता.

"थांबा जरा, भाऊजी. तुमचं बंदर बघून सांगते."

"लवकर बघा. पुढे फोन लागत नाही."

पान तर तिने पाहिलंच होतं. पण घरच्या माणसाला सांगायचं म्हटल्यावर तिला एकदा मुळाशी जाऊन बघावंसं वाटलं. प्रोग्राममध्ये नावाने शोधायची एक चौकट होती, ती कोणी वापरत नसे. तिने त्यात दिराच्या बंदराचं नाव टाकलं आणि बटण दाबलं.

रिकाम्या यादीत एक ओळ उगवली. बंदराचं नाव, आजची तारीख, आणि पुढे स्टेटस: तयार, जागेची वाट पाहत आहे.

तिने डोळे चोळून परत वाचलं.

"अगं, इकडे ये. हा जॉब संपलाय ना?"

चष्मेवाली येऊन वाकली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू जाग्यावरच विरलं. "ताई, हा सुरूच झाला नाहीये."

"मग मघाशी यादीत का नव्हता?"

चष्मेवालीने आपला प्रोग्राम उघडला. वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाली, "कोणत्या स्टेटसचे जॉब हवेत ते आपण सांगितलं नाही, तर मशीन फक्त चालू असलेले देतात. नावाने विचारलं की सगळे देतात, उभे असलेले, संपलेले, फसलेले. मी प्रोग्राममध्ये स्टेटस टाकलंच नव्हतं."

म्हणजे रिकामी यादी काम झालं असं कधीच म्हणत नव्हती. आत्ता काही चालू नाही, एवढंच म्हणत होती. इतके दिवस दोन्हींचा अर्थ एकच निघत गेला, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

"मग पानावर हे शांत, शांत..."

"कालचे आकडे आहेत. तारीख आपोआप बदलते, आकडे नवीन आले तरच बदलतात."

फोन अजून कानाला होता. "भाऊजी! अहो भाऊजी!" तिकडे नुसती खरखर. तिने परत लावला. लागला नाही. परत लावला.

चष्मेवालीने रांगेतले उभे असलेले सगळे जॉब मागवले. यादी तुकड्यातुकड्याने आली, एक तुकडा संपला की पुढचा मागायचा. सगळी बंदरं तिथे शाळेच्या मैदानातल्या पोरांसारखी एकामागे एक उभी होती. आणि सगळ्यांच्या पुढे तो मोठा नकाशा.

"एवढी मेमरी आपल्या कोणत्याच मशीनला नाही, ताई. याला कधी जागा मिळणारच नव्हती. आणि रांग अशी लावलीय की हा हलल्याशिवाय मागचे हलत नाहीत."

"मीच टाकला," यादीबाई म्हणाली. "जास्तच असू दे म्हटलं."

तिने तो रद्द केला. जरा वेळाने पहिल्या बंदरापुढे 'चालू' आलं, मग दुसऱ्या. दिराचं बंदर पार तळाशी होतं. या वेळी मशीनवर गर्दी नव्हती, तरी आकडे यायला निदान तासभर लागणार होता. तेवढ्यात होड्या खडकांपलीकडे गेलेल्या असणार. तिथून वादळात परत फिरायचं म्हणजे काय, ते त्या घरात सून होऊन आलेल्या बाईला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ती केबिनमध्ये गेली. दार वाजवायचं भान राहिलं नाही.

"साहेब, पानावरचे आकडे कालचे आहेत. चूक माझी आहे. पान काढून टाका आणि धक्क्यावर कळवा, होड्या मागे बोलवा म्हणून."

साहेबांनी कप खाली ठेवला. सगळं ऐकून घेतलं. "समुद्र खवळणार आहे का?"

"माहीत नाही."

"शांतही राहू शकतो?"

"राहू शकतो."

"मग यादीबाई, तासाभरात कळेलच ना. आत्ताच वरची माणसं गेली, आपलं कौतुक करून. ही एवढी माणसं दिवस टाकून परत येणार, उद्या माझ्या नावाने शंख करणार. नुसतं 'माहीत नाही' म्हणून?"

"आपण त्यांना माहीत आहे म्हणून सांगितलंय, साहेब. त्यावर गेलेत ते. माझा दीर गेलाय."

साहेब खुर्चीतून उठले आणि दारातूनच ओरडले, "चष्मेवाले, पान काढ. लिही, आजचा अंदाज उपलब्ध नाही, आत जाऊ नये. खाली माझं नाव घाल. आणि तुम्ही धक्क्यावर फोन लावा, मी बोलतो."

धक्क्यावरच्या वायरलेसवाल्या काकांचा आवाज खडबडीत. साहेबांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सकाळी जा म्हणता, दुपारी या म्हणता. होडी आहे की पाळणा?" पण हाका मारायला लागले. एकेक होडी उत्तर देत होती. काही शिव्या देत वळत होत्या. यादीबाई फोनला कान लावून उभी होती.

"त्या निळ्या होडीचं काय, काका? माझ्या दिराची."

"हाक मारतोय. उत्तर नाही. वायरलेस बंद ठेवत असेल, गाणी ऐकायला."

ती जागेवर येऊन बसली. पडद्यावर नावं 'चालू' होत होती, संपत होती. आता यादीत संपलेलीही दिसत होती, फसलेलीही. आपल्या बंदराचं नाव अजून उभंच. तिने डोळे मिटले. हात जोडायचे तर लोक बघतील, म्हणून पदर मुठीत धरला. काय मागावं तेच तिला सुचेना. आकडे वाईट आले तर तिचं खरं ठरणार होतं, साहेबांची लाज राखली जाणार होती. पण खरं ठरून करायचंय काय?

देवा, मला खोटी पाड. सगळ्या जगाने हसावं इतकी खोटी पाड.

फोन वाजला. काका होते. "तुमचा निळा वळला. शेजारच्या होडीने दिवा दाखवून सांगितलं. लई तोंड सोडलंय त्याने, तयारीत राहा."

तिने फोन खाली ठेवला आणि मग तिला रडू आलं. चष्मेवाली तिच्या पाठीवर हात फिरवत स्वतःच रडत होती. तेवढ्यात शेवटच्या नावापुढे 'पूर्ण' आलं. दोघींनी डोळे पुसून आकडे बघितले.

शांत. कालच्याहून शांत.

साहेबांना सांगितलं, तर ते खिडकीबाहेर बघत नुसतं "बरं" म्हणाले. पान परत लावायला सांगितलं. पण भरती-ओहोटीचा हिशेब असा, की त्या दिवशी कोणाला परत जाता आलं नाही.

घरी पोचली तेव्हा दीर जेवायला बसला होता, चेहरा तोबऱ्यासारखा फुगलेला.

"या, यादीबाई," त्याने सुरुवात केली. घरात हे नाव तो चिडला की काढायचा. "समुद्र बघितलात का येताना? तव्यासारखा सपाट. सासुरवाडीच्या गाद्यांपेक्षा मऊ. आणि आम्ही कोरडं जाळं घेऊन घरात! दोन होड्या नाही वळल्या, त्यांना इतकी मिळाली की धक्क्यावर पाय ठेवायला जागा नाही."

"असू दे रे," सासूबाई म्हणाल्या. त्या आज दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. "जाळं वाळत घालायचे कष्ट वाचले."

"तू गप गं आई. उद्या मी सगळ्यांना काय तोंड दाखवू? म्हणतात, वहिनीने पदराला बांधून आणला."

यादीबाईने हातपाय धुतले आणि वाढायला बसली. चूक कुठे झाली, कोणाच्या हातून झाली, ते त्याला सांगायचं होतंच. जेवण झाल्यावर सांगणार होती, काही न लपवता. आत्ता तो बोलत होता. ताट वाजवत, भुवया चढवून, तोंडात घास घेऊन, समुद्र किती शांत आहे ते पुन्हा पुन्हा सांगत होता.

"आणि मला विचाराल तर तुमच्या त्या मशीनला..."

"बोला, भाऊजी," ती म्हणाली. "जेवता जेवता बोला."