सोफ्यावरची चादर काढणाऱ्या शैलजाताई

अमरावतीच्या शैलजाताईंची आणि माझी ओळख एका खुर्चीवर झाली. अकोल्यात माझं सोफे-खुर्च्या मढवण्याचं दुकान आहे. ताई तेव्हा घरं सजवण्याची कामं नुकतीच घेऊ लागल्या होत्या. एके सकाळी कापडांचे नमुने बगलेत धरून त्या आल्या, मी आदल्या दिवशी मढवलेल्या खुर्चीवर बसल्या आणि बसूनच राहिल्या. चहा मागवला, तो पिऊन झाला, तरी उठेनात. मग म्हणाल्या, "मिस्त्री, हे खुर्ची बसासाठी बनवली का पाहासाठी?" मी म्हटलं, बाई, आजवर कोणाची तक्रार नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "कोनी बसलंच नसंल, तं तक्रार कोन करंल?"

राग आला, पण त्या गेल्यावर मी स्वतः त्या खुर्चीवर बसून पाहिलं. पाठीला लाकूड टोचत होतं. इतक्या खुर्च्या या हातांनी केल्या, पण बसून पाहायचं कधी सुचलं नव्हतं.

अशा आमच्या ताईंना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या हाताखाली पडदे शिवणारे, रंग देणारे, चित्रं काढणारे कितीतरी जण तयार झाले. त्यांच्या रंगांच्या जाणकारीबद्दल या गौरवग्रंथात इतर मंडळी माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी लिहिणार आहे ते तेल्हाऱ्याच्या एका दिवाणखान्याबद्दल, कारण ताई काय आहेत ते मला तिथे कळलं.

कापूस पिकवणारं मोठं कुटुंब. नवा बंगला. घरचे कर्ते अण्णासाहेब हौशी, त्यांनी ताईंना मोकळा हात दिला. सायीच्या रंगाची मखमल, नक्षीदार हातांचा सोफा, जमिनीपर्यंत लोळणारे पडदे, भिंतीवर परदेशातल्या कुठल्याशा तळ्याचं भलंमोठं चित्र. सोफ्याची नक्षी माझी, तिचा मला फार अभिमान होता. गाव पाहायला लोटलं. ताईंच्या कामांच्या वहीत पहिल्या पानावर त्या दिवाणखान्याचा फोटो लागला आणि तो पाहून पुढची कामं येऊ लागली.

वर्षभरानंतर त्या बाजूला गेलो असता ताई म्हणाल्या, सहज डोकावून येऊ. कळवलं नव्हतं. आत पाऊल टाकलं तर अख्ख्या सोफ्यावर एक जुनी फुलाफुलांची चादर, उशा प्लास्टिकच्या पिशव्यांत. अण्णासाहेबांच्या पत्नी सिंधूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खाली बसून शेंगा सोलत होत्या. आम्हाला पाहून लगबगीनं उठल्या आणि चादर ओढून घडी घालू लागल्या. ताईंनी चादर कशाला म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, कूलरचं पाणी उडतं, माणसं वावरातून तशीच येतात, डाग पडले तर तुम्हीच काय म्हणाल?

"तुमी कधी बसल्या याच्यावर?" ताईंनी विचारलं.

"मी काहून बसू? पाहुन्यायसाठी हाय तो."

आम्ही अकोल्याला परतलो. दुकानासमोर उतरल्यावर ताई म्हणाल्या, मिस्त्री, आपलं काम नापास झालं. मी भडकलो. कापड अव्वल, टाका सरळ, मालक खूश, मग नापास कशात? ताई शांतपणे म्हणाल्या, "घरच्या बाईले जिथं बसता येत नाही, तो हॉल आपन सजवला नाही, अडवला."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी वहीतला तो फोटो काढून टाकला. कोणी विचारलं तर सरळ सांगत, ते काम चुकलं आहे, दुरुस्त करायचं आहे. आपल्या धंद्यात असं स्वतःच्या तोंडानं कोण सांगतं? मी समजावलं, हितचिंतकांनी समजावलं. अण्णासाहेब म्हणाले, आम्ही समाधानी आहोत, चांगला सोफा कशाला उसवता? ताई पुन्हा पुन्हा तेल्हाऱ्याला जात राहिल्या आणि शेवटी त्यांनी होकार मिळवलाच.

मग त्यांनी सिंधूबाईंचं माप घेतलं. अण्णासाहेबांचं नाही. गाद्या एकावर एक रचायच्या, सिंधूबाईंना बसवायचं, पाय जमिनीला टेकतात का पाहायचं. बाई लाजून हसत होत्या. जुन्या सोफ्यावर त्या बसल्या असत्या तरी त्यांचे पाय अधांतरीच राहिले असते, हे तेव्हा समजलं. ताईंनी ठरवलं की बैठक खाली आणायची, तपकिरी जाड सुती कापडाच्या खोळी, चेन उघडून घरी धुता येतील अशा, आणि टोचणारे नक्षीदार हात कापून साधे सपाट करायचे.

इथे मी अडलो. नक्षीला करवत लावणार नाही म्हणालो आणि आमचं बोलणं बंद झालं.

तीन आठवड्यांनी ताई माझ्या घरी आल्या. माझी बीवी शमीम फोमच्या तुकड्यांच्या गाठोड्यावर बसून भाजी चिरत होती. मागे मी हौसेनं बनवलेला सोफा, त्यावर चादर. ताईंनी मला एक शब्द विचारला नाही. शमीमला विचारलं, "भाभी, तुमी कुठं बसता?" शमीम हसली. "मेरे को तो नीचेच अच्छा लगता."

माझी मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी करवत घेऊन मी तेल्हाऱ्याला गेलो.

सोफा झाला. तळ्याच्या जागी ताईंनी अमरावतीच्या एका चित्रकला शिक्षकांकडून कौंडण्यपूरचा नदीकाठ काढून घेतला, कारण सिंधूबाईंचं माहेर तिकडचं. चित्र इतकं खाली टांगलं की अण्णासाहेब म्हणाले, खिळा चुकला का? चुकला नव्हता. सिंधूबाई बसल्या की बरोबर डोळ्यांसमोर येत होतं.

पुन्हा एक वर्ष गेलं. पुन्हा न सांगता गेलो. चादर नव्हती. सिंधूबाई पाय वर घेऊन सोफ्यावर बसल्या होत्या, मांडीवर शेंगांचं सूप. म्हणाल्या, "या, बसा. मी नाई उठत, पाय भरून आले हायेत." सोफ्याच्या हातावर चहाचा डाग होता. ताईंनी त्यावरून बोटं फिरवली आणि मला म्हणाल्या, आता काढा फोटो.

तेव्हापासून वर्ष उलटल्याशिवाय आणि स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय ताईंनी एकाही घराचा फोटो वहीत लावला नाही. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी दोन घरांचं काम त्यांनी महिनाभर थांबवलं. दुसऱ्याला दिलं नाही. म्हणाल्या, कापड काही नासत नाही, डोळे जपा. आमच्या घरीही शमीमच्या मापाचा सोफा आहे. त्यावर हळदीचे डाग आहेत आणि आता खाली मी बसतो.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. एवढ्या घरांना बसतं करणाऱ्या ताई स्वतःच्या घरात कधी टेकत नाहीत. फोन उभ्यानं, चहा उभ्यानं. म्हणून या गौरवानिमित्त मी त्यांच्यासाठी एक खुर्ची केली आहे. माप त्यांच्या नकळत घेतलं. कापड सुती, चेनीची खोळ, नक्षी नाही. वर्षभरानं मी न कळवता अमरावतीला जाणार आहे. खुर्चीवर चादर दिसली तर काम नापास समजून परत घेऊन येईन आणि पुन्हा करीन, जमेपर्यंत करीन. ही तपासणी दरवर्षी व्हावी, ताईंची प्रकृती अशीच ठणठणीत राहावी, आणि पंच्याहत्तरीच्या वर्षी त्या खुर्चीच्या हातावर मला चहाचे पुष्कळ डाग मोजायला मिळावेत.