संकष्टीला भाजलेला कोको

मरोळला एका गाळ्यात चॉकलेट बनवतात, तिथे मी कामाला जाते. कोकोच्या बिया निवडायच्या, भाजल्या की सुपात पाखडायच्या. पाखडणं गावापासून हातात आहे. पण माझं मुख्य काम चवीचं. भट्टीतून बिया निघाल्या की एक सोलून खायची आणि नीट भाजली की नाही ते सांगायचं. आमच्या चॉकलेटात बी आणि साखर, बाकी काही नाही. बी बिघडली तर झाकायला दूधही नाही. मी चौथी शिकलेली. माझं मत कुणी विचारायचं नाही, ते इथे मालकीण विचारते.

मालकीण माझ्या मुलीच्या वयाची. गाळा बघायला लोक आले की ती त्यांना जुनी हकिगत सांगते. समुद्रापलीकडे लांब एका देशात लोक या बिया दगडावर वाटून, मिरची घालून कडूच प्यायचे. देवालाही वाहायचे. मी मागे सूप घेऊन ऐकते. तिथेही वाटायला बायकाच बसत असतील, असं मनात येतं.

आजवर संकष्टीला भट्टी लागली नव्हती. या वेळी लागली. माझा उपवास. गरम बी हातात घेऊन मी उभी राहिले. देवाला वाहतात ते उपवासाला चालत असेल? सासूबाई असत्या तर लगेच सांगितलं असतं. त्या गेल्या, नवराही गेला. साकीनाक्याच्या खोलीत मी एकटीच असते. मुलगी चेंबूरला दिली आहे. तिला फोन लावला, तिने उचलला नाही.

"मावशी, झालं का?" मालकिणीने विचारलं.

उपवास आहे एवढंच सांगायचं होतं. तोंडातून निघालं नाही. बीचा नुसता वास घेतला आणि 'झालं' म्हणून मान हलवली.

दगडी चाकांच्या यंत्रात त्या भट्टीच्या बिया तीन दिवस फिरल्या. चौथ्या दिवशी मालकिणीने चॉकलेट बोटावर घेऊन चाटलं आणि माझ्याकडे बघितलं. मीही चाटलं. जळका कडवटपणा जिभेवर तसाच राहिला.

"तुम्हाला कळलं कसं नाही?"

"खाल्लीच नव्हती. संकष्टी होती."

"मग सांगायचं ना, मावशी. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?" तिने भिंतीवरच्या कॅलेंडरात पुढच्या सगळ्या संकष्ट्यांवर गोल केले. त्या दिवशी भट्टी बंद. बाकी दिवशी चव माझीच. मी पदराने तोंड पुसत राहिले.

दोन दिवसांनी मुलीचा फोन आला.

"आई, फोन केला होतास. काय काम होतं?"

"कोको उपवासाला चालतो का, विचारायचं होतं."

ती हसली. "मला काय माहीत? हे तू मला सांगायचंस ना गं. सांग, चालतो का?"

आता घरात विचारायचं ते मलाच, हे तेव्हा ध्यानात आलं. सासूबाईंसारखा आवाज काढून म्हटलं, "नाही चालत."

"बरं," म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

खरं तर मला माहीत नाही.