तीन वाजताचा बोका

माझी आत्या बेअरिंगच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसते. सत्तावीस वर्षं झाली. मशीनवरून रिंगा पेट्यांमधून येतात आणि कुठली पेटी पुढे जाणार, कुठली परत, हे आत्या ठरवते. मशीनवाले काही कमी नसतात. चांगल्या रिंगा वर रचतात आणि डागी तळाशी दडवतात. म्हणून आत्या वरच्या रिंगेकडे ढुंकूनही बघत नाही. कोपरापर्यंत हात घालते आणि तळातली बाहेर काढते. एकदा मॅनेजरनं, गिऱ्हाईक दारात उभं आहे, एवढी एक पेटी सोडा, म्हणून गळ घातली. आत्या म्हणाली, "सोडते की. फक्त सही तुम्ही करा." सही झाली नाही. पेटी परत गेली.

अशी बाई पाच महिने फसली, आणि तीही स्वतःच्या घरात.

तिच्या घरी बोका होता. बोका म्हणजे कुत्रा. पिल्लू असताना जिन्याच्या कठड्यावर चढून बसायचा आणि उतरता आलं नाही की रडायचा, म्हणून आतोबांनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्यानं, हे नाव ठेवलं होतं. आता तो चौदा वर्षांचा होता. तांबूस अंग, तोंड पांढरं झालेलं, मागच्या पायांत दुखणं मुरलेलं.

आतोबा पाणीपुरवठ्याच्या पंपावर दुसऱ्या पाळीत असतात. आत्या पहाटे पाचला घर सोडते आणि दुपारी तीनला परत येते. आतोबा एकला निघतात. ते परत येतात तेव्हा आत्या झोपलेली असते. "आमचा संसार म्हणजे नुसती रिले शर्यत," ते म्हणायचे, "काठी बोक्याच्या तोंडात." रविवारी आत्याला सुट्टी, पण ती सकाळीच आमच्याकडे यायची, आजीला आंघोळ घालायला. घरी पोचायला तिला पुन्हा तीनच वाजायचे.

तीन वाजता बोका दाराशी उभा असायचा. शेपूट हलवत तिच्या पिशवीत नाक खुपसायचा. संध्याकाळी दोघं कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत जाऊन यायची. साडेआठला आत्या आडवी व्हायची, त्याच्या जरा आधीच तोही. पहाटे ती निघताना तो नुसती मान उचलायचा. तिला वाटायचं, आळशी झालाय म्हातारा.

आतोबांची सुट्टी बुधवारी. दर बुधवारी चहाच्या वेळी ते विषय काढायचे.

"बोक्याचं आता काहीतरी ठरवायला हवं."

"काय ठरवायचंय?"

"डॉक्टरांना बोलावू. म्हणजे... शेवटचं."

"अहो, हा बघा काय करतोय! तुमची चप्पल पळवतोय. आणि तुम्ही त्याला पोचवायला निघालात?"

"सकाळी जरा त्रास होतो त्याला."

"सकाळी तुम्हालाही होतो. तुमच्यासाठी बोलवू का डॉक्टर?"

मग आतोबा हसायचे आणि विषय तिथेच संपायचा.

एके दिवशी सकाळी कारखान्याचा ट्रान्सफॉर्मर जळला. नऊ वाजता सगळ्यांना घरी सोडलं. आत्या साडेनऊला घरी पोचली. दार लोटलेलं होतं. आत मधल्या खोलीत बादली, फडका, आणि फरशीवर ओल. बोक्याच्या पोटाखालून टॉवेल घालून, त्याची दोन्ही टोकं मुठीत धरून आतोबा त्याला उचलत होते. त्याचे मागचे पाय फरशीवर घसरत होते. "हं राजा, उठ. एकदाच. झालं, झालं," आतोबा म्हणत होते. तेवढ्यात बोक्यानं मान वळवली आणि त्यांच्या मनगटात दात रुतवले. आतोबांनी टॉवेल सोडला नाही.

त्या मनगटावर गेले पंधरा दिवस पट्टी होतीच. "पंपावर पाना निसटला," असं त्यांनी सांगितलं होतं.

बोक्यानं आत्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"हे आज झालं का?" तिनं विचारलं.

"रोजचं आहे."

"रोजचं म्हणजे?"

"साडेबारापर्यंत असंच असतं." आतोबांनी फळीवरच्या गोळ्यांकडे बोट दाखवलं.

गोळ्यांचं आत्याला माहीत होतं. दिवसाला एकच, त्याहून जास्त मूत्रपिंडाला झेपणार नाही, सहा-सात तास उतार पडेल, असं डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं होतं. पण कागदावर 'सकाळी' असं लिहिलेलं होतं.

"सकाळीच देत होतो," आतोबा म्हणाले, "पहिले चार दिवस. तू यायचीस तेव्हा तो कोपऱ्यात पडलेला असायचा. तू दोन दिवस जेवली नाहीस. आठवतं? मग म्हटलं, गोळी तर एकच आहे. बरे तास तुला देऊ."

"आणि वाईट तुम्ही घेतलेत."

"मी कुठे गं? घेतले त्यानंच."

आत्या पिशवी खांद्यावर तशीच ठेवून खाली बसली. "पेटी रचलीत तुम्ही," ती म्हणाली. "वर चांगला माल. माझ्यासमोर! आणि मी मूर्खासारखी वरूनच बघत राहिले."

"तुला सांगायचं होतं मला. दर बुधवारी सांगतच होतो."

"सांगत होतात? चप्पल पळवणारा कुत्रा समोर नाचवायचा आणि सांगायचं, याला जाऊ द्या! कोण हो म्हणेल?"

"तू हो म्हणावंस असं वाटायचं," आतोबा म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "आणि तू नाही म्हणालीस की बरंही वाटायचं."

आत्यानं आठवड्याची रजा टाकली. सत्तावीस वर्षांत अशी रजा तिनं दोनदाच घेतली होती, एकदा सासऱ्यांच्या वेळी आणि एकदा स्वतःच्या ऑपरेशनला. पहाटेपासून ती बोक्याशेजारी चटई टाकून बसायला लागली. एक दिवस गोळी सकाळी देऊन पाहिली. बोका नऊ वाजता फाटकापर्यंत गेला, शेजारच्या मांजरावर भुंकलासुद्धा. तीन वाजल्यावर मात्र दाराकडे डोळे लावून पडून राहिला. उठला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं गोळीचे दोन भाग केले. अर्ध्या गोळीनं अर्धं दुखणंही गेलं नाही. त्या दिवशी टॉवेल तिच्या हातात होता आणि तो तिला चावला. फार नाही, जेमतेम कातडी फाटेल इतकंच. चावल्यावर त्यानं ती जागा चाटली.

पाचव्या दिवशी तिनं मला फोन केला. "गुरुवारी येशील? डॉक्टर घरी येणार आहेत. आम्हा दोघांना तो उचलवणार नाही."

मी जाऊन पोचले तर दोघांचं वाजलेलं होतं. भांडण वेळेवरून होतं. डॉक्टर सकाळी दहाला किंवा दुपारी तीनला येऊ शकत होते आणि आत्यानं तीनची वेळ घेतली होती.

"बरा असताना कसं न्यायचं गं?" आतोबा म्हणत होते. "सकाळी निदान त्याला सुटल्यासारखं तरी वाटेल."

"म्हणजे शेवटचं आठवेल ते काय? टॉवेल?"

"त्याला कुठे आठवायचंय आता?"

"मला आठवायचंय."

साडेबाराला आतोबांनी पावाच्या तुकड्यात गोळी घातली आणि बोक्याला भरवली. त्यांनीही रजा घेतली होती. बुधवार सोडला तर दुपारी दोघं एकाच वेळी घरात असण्याची सवय कुणालाच नव्हती. दोघं सारखी एकमेकांच्या वाटेत येत होती. स्वयंपाकघराच्या दारात दोनदा धडकली. बोका या टोकापासून त्या टोकापर्यंत दोघांना मोजत फिरत होता. त्याला ही मोठीच चंगळ वाटत असावी.

डॉक्टर तीनला पाच मिनिटं कमी असताना आले. वयस्कर गृहस्थ, बूट दाराबाहेर काढणारे. बोका उठून त्यांच्याकडे गेला. वाकडा, पण स्वतःच्या पायांनी गेला. बॅग हुंगली. शेपूट हलवली. डॉक्टर खाली बसले, त्याच्या हिरड्या पाहिल्या, मांडीवरून हात फिरवला, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"बाई," ते म्हणाले, "हृदय चांगलं आहे याचं. आत्ता बघितलं तर आणखी महिनाभर सहज काढेल असं वाटतं. तुमचं मन होत नसेल तर मी परत जातो. घाई काही नाही."

खोलीत एकदम मोकळी हवा आल्यासारखं झालं. मला झालं, खोटं कशाला बोलू.

"थांबू या ना मग," आतोबा म्हणाले. पाच महिने दर बुधवारी विषय काढणारे आतोबा. "डॉक्टरच म्हणतायत तर. एक महिना. पाळ्या बदलून घेऊ, मी सकाळची मागतो..."

आत्या बोक्याकडे बघत होती. बोका तिच्या पिशवीत नाक घालून काही आहे का ते शोधत होता. तिचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, आता ही हो म्हणणार.

"डॉक्टर, तुम्ही याला तीनला बघताय," ती म्हणाली. "मी पण पाच महिने तीनलाच बघत होते."

डॉक्टरांनी आतोबांकडे पाहिलं. आतोबा फरशीवर बसले आणि त्यांनी बोक्याचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. तो लगेच आडवा झाला. त्याला वाटलं, खाजवणार आहेत. त्यांनी खाजवलंच.

फार वेळ लागला नाही.

संध्याकाळी आम्ही तिघं परत आलो. महापालिकेच्या माणसांनी पुरायला जागा दाखवली होती, उचलायला खरंच तिघं लागलो. आत्यानं चहा टाकला, कुणी प्यायलं नाही. मी दिवा लावला. आतोबा अंघोळ करून येऊन बसले.

आठ वाजले तेव्हा आत्या घड्याळाकडे बघून म्हणाली, "आता उतरली असती गोळी. आता दुखायला लागलं असतं त्याला."



"आज कदाचित नसतंही दुखलं," आतोबा म्हणाले.

आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं. मग उठून चहाचे कप आत नेले.